यकृत प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही: हा विषाणू आला कुठून आणि आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका ताईंच्या वडिलांचं पाच महिन्यांपूर्वी पुण्यात यकृत प्रत्यारोपण झालं. यकृताचा भाग ताईंच्या धाकट्या भावाने दिला. दुसऱ्या महिन्यात रिजेक्शन झालं, म्हणजे शरीर नवं यकृत नाकारू लागलं, म्हणून स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं द्यावी लागली. सीएमव्ही टाळण्यासाठीची व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी तीन महिने घेऊन ठरल्याप्रमाणे बंद झाली. आता आठवडाभर बारीक ताप, पातळ जुलाब आणि अन्नावरची वासना गेलेली. पांढऱ्या पेशी २,३००, प्लेटलेट ९५ हजार, यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी ११८. आधी डेंग्यू समजून सलाइन लावलं, मग पुण्याच्या टीमने सांगितल्यावर सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरसची) पीसीआर, म्हणजे रक्तात विषाणू शोधणारी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. हा 'हर्पिस' गटातला विषाणू आहे असं कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं आणि घरात प्रश्नांना ऊत आला. भावाच्या यकृतातून आला का? औषध घेऊनही कसा आला? रिजेक्शनच्या गोळ्या आपणच कमी कराव्यात का? काकांना नुकतीच नागीण झालीय, त्यांना घरात घ्यायचं का? वहिनी गरोदर आहे, तिचं काय? आणि शेवटी, यकृत जाईल का?

ताई, मी सोलापुरात पोट आणि यकृताच्या रुग्णांचं काम बरीच वर्षं करतो. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला होते. त्यानंतरचा ताप, जुलाब आणि रिपोर्ट मात्र आमच्या टेबलावर येतात, आणि बहुतेक वेळा रात्री येतात. त्या बाजूने जे दिसतं ते लिहितो. औषधांचे डोस लिहिलेत ते तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं कळावं म्हणून. बदल करायचा तो तुमच्या टीमनेच.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा: या गटातले विषाणू प्रत्यारोपणानंतर बहुतेक वेळा बाहेरून लागत नाहीत, आतूनच उठतात. माणसाला होणारे हर्पिस गटातले विषाणू आठ. ताप आला की ओठावर फोड येतात तो एचएसव्ही-१, जननेंद्रियावरच्या फोडांचा मुख्यतः एचएसव्ही-२, कांजिण्या आणि नागिणीचा व्हीझेडव्ही, मग ईबीव्ही, सीएमव्ही, आणि एचएचव्ही ६, ७ व ८. त्यातल्या एकाची बदनामी झाली आणि ती सगळ्या कुळाला चिकटली. वडिलांच्या फाइलवर 'हर्पिस' शब्द दिसला म्हणून घरात कुणी कुणाकडे संशयाने बघायचं काही कारण नाही.

या सगळ्यांची एक खोड सारखी आहे. एकदा शरीरात शिरले की आयुष्यभर मुक्काम. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींत लपून राहतो. ईबीव्ही बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत राहतो, सीएमव्ही अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशींत. निरोगी माणसात टी-पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांना दाबून ठेवतात, त्यामुळे आपल्याला पत्ताही नसतो. रिजेक्शन टाळण्यासाठी दिलेलं टॅक्रोलिमस नेमकं याच टी-पेशींना थंड करतं. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने उरलासुरला पहाराही ढिला पडतो. तुमच्या वडिलांचं हेच झालं असणार.

म्हणजे भावाच्या यकृतातून आला का? येऊ शकतो, दात्याच्या अवयवातून सीएमव्ही येतो हे खरं आहे. सगळ्यात जास्त धोका असतो तो दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असेल तेव्हा, कारण घेणाऱ्याच्या शरीराने हा विषाणू आधी कधी पाहिलेलाच नसतो. युरोप-अमेरिकेत अशा जोड्या खूप असतात. आपल्याकडे मात्र दहातल्या नऊहून जास्त प्रौढांना लहानपणीच सीएमव्ही होऊन गेलेला असतो, आईच्या दुधातून, लाळेतून, भावंडांच्या उष्ट्यातून. त्यामुळे इथे बहुतेक वेळा दाताही पॉझिटिव्ह आणि घेणाराही पॉझिटिव्ह. वडिलांची प्रत्यारोपणाआधीची सीएमव्ही आयजीजी (विषाणू आधी होऊन गेलाय का हे सांगणारी अँटिबॉडीची) तपासणी फाइलमध्ये असेल, बघून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल तर हा विषाणू त्यांच्या स्वतःच्या अंगातला की मुलाच्या यकृताबरोबर आलेला, हे कळायला मार्ग नाही आणि कळूनही उपचार तोच. भावाला मात्र हे नीट समजावून सांगा. यकृत देणाऱ्या मुलांच्या मनात असा सल राहतो, आणि घरातलं एखादं माणूस सहज बोलून जातं तेव्हा तो जास्तच खुपतो. त्याने दिलेल्या यकृतामुळे वडील आज आहेत. सीएमव्ही हा विषाणू रस्त्यावरच्या प्रत्येक दुसऱ्या माणसात, किंबहुना जवळजवळ प्रत्येकात आहे, आणि भावाला त्याचा काहीही त्रास नाही.

तीन महिने औषध घेऊनही आजार का झाला, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सीएमव्ही टाळायचे दोन मार्ग आहेत. पहिला, सरसकट गोळी: व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम रोज एकदा, मूत्रपिंडाच्या ताकदीप्रमाणे डोस कमी करून, तीन ते सहा महिने. दुसरा, गोळी न देता दर आठवड्याला पीसीआर करायची आणि विषाणू रक्तात दिसू लागला की आजार व्हायच्या आत उपचार सुरू करायचे. पहिल्या मार्गात विषाणू दडपलेला राहतो खरा, पण शरीराच्या टी-पेशींना त्याच्याशी झुंजायची तालीम मिळत नाही. गोळी बंद झाली की विषाणू डोकं वर काढतो. याला उशिराचा सीएमव्ही म्हणतात आणि तो गोळी थांबल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त दिसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत दाता पॉझिटिव्ह-घेणारा निगेटिव्ह अशा २०५ यकृत-रुग्णांमध्ये दोन्ही मार्ग समोरासमोर तपासले. सरसकट गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना पुढे सीएमव्हीचा आजार झाला, दर आठवड्याला पीसीआरवर नजर ठेवलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. तुमचे वडील बहुधा त्या गटात बसत नाहीत, पण कारण तेच लागू पडतं.

मग पुण्याच्या टीमने दुसरा मार्ग का नाही घेतला? मला तरी त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. आठवड्याच्या आठवड्याला पीसीआर म्हणजे सोलापुरातून सॅम्पल पुण्याला किंवा मुंबईला जाणार, रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येणार, तो कुणीतरी बघणार आणि त्याच दिवशी औषध सुरू होणार. या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी तो मार्ग फसतो. हॉस्पिटलच्या दारात राहणाऱ्या रुग्णाला जे जमतं ते अडीचशे किलोमीटरवर जमेलच असं नाही. बाहेरगावच्या रुग्णाला गोळीच सुरक्षित. फक्त गोळी संपली त्या दिवशी 'सुटलो' असं वाटतं, तिथे गडबड होते. खरं लक्ष त्या दिवसापासून ठेवायचं असतं. गोळी थांबल्यावर दोन-तीन महिने दर पंधरा दिवसांनी सीबीसी आणि लिव्हरची तपासणी, आणि टीम सांगेल तेव्हा पीसीआर. कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल करा.

आता डेंग्यूचं. पावसाळ्यात सोलापुरात ताप, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, एसजीपीटी थोडं वाढलेलं असा रिपोर्ट आला की शंभरातले नव्याण्णव डॉक्टर डेंग्यू म्हणतील, आणि साध्या माणसात ते बरोबरही ठरेल. सीएमव्हीचा रिपोर्ट अगदी हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णाला डेंग्यूची एनएस-१ जरूर करा, पण सीएमव्ही पीसीआरचं सॅम्पल त्याच सुईत काढून घ्या. टायफॉइडच्या विडाल तपासणीवर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे बऱ्याच लोकांची विडाल कधी ना कधी पॉझिटिव्ह येतेच, आणि तिच्या जोरावर टायफॉइडचा कोर्स सुरू होऊन मौल्यवान आठवडा वाया जातो. टीबीचा विचारही डोक्यात ठेवावा लागतो. आपल्या भागात तो दुर्मीळ नाही.

गल्लीतल्या दवाखान्यात जाताना दोन गोष्टींची भीती मला सीएमव्हीपेक्षा जास्त वाटते. एक, ताप उतरवायचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. टॅक्रोलिमसने आधीच ओढाताणीत असलेलं मूत्रपिंड त्याने बसू शकतं, आणि मूत्रपिंड बसलं की सीएमव्हीच्या औषधाचाही डोस चुकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही टीमने सांगितलेल्या मर्यादेत. दुसरी, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. त्याने रक्तातलं टॅक्रोलिमस झपाट्याने वाढतं. उलट टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन ते पार खाली आणतं. वडिलांच्या खिशात प्रत्यारोपणाचं कार्ड आणि चालू औषधांची यादी हवीच. आणि ते कार्ड डॉक्टरांनी मागायची वाट न बघता आधीच टेबलावर ठेवायचं.

जुलाबांचंही तसंच. सीएमव्ही आतड्यावर गेला की जुलाब होतात, कधी रक्त पडतं, पोटात कळ येते. पण मायकोफेनोलेट या रिजेक्शनच्या गोळीनेही जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशीही उतरतात. शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढते, हे अनेकांना उलटं वाटतं. म्हणून जुलाब असताना टॅक्रोलिमसची लेव्हल करायची. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. गोळी घेऊन, चहा पिऊन लॅबमध्ये पोचलात तर ती लेव्हल काही कामाची नाही. आणखी एक: आतड्याच्या सीएमव्हीत रक्तातली पीसीआर निगेटिव्हही येऊ शकते. म्हणून जुलाब थांबत नसतील आणि पीसीआर निगेटिव्ह असेल तर आम्ही कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासायला पाठवतो. तेव्हा 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग नळी कशाला' असं म्हणू नका.

पीसीआरच्या सॅम्पलबद्दल थोडं लांबवून लिहितो, कारण इथेच आपल्या गावात गाडी अडते. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं जातं. त्यातला प्लाझ्मा चोवीस तासांच्या आत वेगळा करून थंड ठेवायला हवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चव्वेचाळीस दाखवत असतो आणि ट्यूब काउंटरवर पडलेली असते, असं मी पाहिलंय. शनिवारी दुपारी दिलेलं सॅम्पल सोमवारी निघतं. म्हणून शक्यतो सोमवार ते गुरुवारच्या सकाळी द्या आणि लॅबवाल्याला तोंडाने विचारा: प्लाझ्मा कधी वेगळा करणार, पार्सल कधी निघणार? विचारल्याने कुणी रागवत नाही, आणि रागवलं तर रागवू दे. रिपोर्ट 'इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर'मध्ये येतो. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आकडा ३,००० वरून ५,००० झाला म्हणून घाबरू नका. तीन पटींहून कमी फरक हा तपासणीच्या हेलकाव्यातलाच असतो. तीन पटींपेक्षा जास्त चढला किंवा उतरला तरच तो खरा बदल धरतात.

आता उपचार. प्रकृती बरी असेल, औषध पोटात टिकत असेल तर व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. जुलाब जोरात असतील, छातीत संसर्ग असेल किंवा विषाणूचं प्रमाण खूप असेल तर गॅनसायक्लोव्हिर शिरेतून, किलोमागे ५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी. दोन्हीत मूत्रपिंडाप्रमाणे डोस बदलतो. निदान दोन आठवडे, आणि ताप-जुलाब थांबून पीसीआरमध्ये विषाणू दिसेनासा होईपर्यंत. पहिल्या आठवड्यात आकडा उतरण्याऐवजी थोडा चढलाही तर औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष लगेच काढायचा नसतो. पूर्ण डोसवर दोन आठवडे होऊनही उतरत नसेल तेव्हा प्रतिरोधाची, म्हणजे विषाणू औषधाला दाद देत नसल्याची, शंका घेऊन जनुकीय तपासणी करतात. त्यासाठी फॉस्कारनेट आणि २०२१ पासून अमेरिकेत मान्य झालेलं मॅरिबाव्हिर ही औषधं आहेत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तिथवर जावं लागायची शक्यता कमी.

प्रतिरोध कसा तयार होतो हे मात्र माहीत हवं, कारण तो बऱ्याचदा घरात तयार होतो. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरने पांढऱ्या पेशी उतरतात. आधीच २,३०० आहेत, त्या १,५०० झाल्या की घरचे घाबरतात, गोळी अर्धी करतात. कधी पैशांमुळेही करतात, कारण गोळी महाग आहे आणि पाच महिन्यांत घर आधीच रितं झालेलं असतं, याची मला कल्पना आहे. पण अर्ध्या डोसमध्ये विषाणू मरत नाही, औषध मात्र ओळखू लागतो. पेशी उतरल्या तर आम्ही आधी मायकोफेनोलेट कमी करतो किंवा थांबवतो, कोट्रायमोक्साझोल या दुसऱ्या संसर्गांसाठीच्या गोळीला पर्याय शोधतो, गरज पडली तर पेशी वाढवायचं इंजेक्शन देतो. सीएमव्हीच्या औषधाला हात सगळ्यात शेवटी लागतो. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. जेनेरिक कंपनी, हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग, ट्रस्ट असे मार्ग निघतात. मनानेच केलेली काटकसर दुप्पट महाग पडते.

इथे एक इशारा. 'हर्पिसचं औषध' म्हणून कुणी असायक्लोव्हिर लिहून दिलं तर ते सीएमव्हीला चालत नाही. ओठावरचे फोड, कांजिण्या, नागीण यांना ते उत्तम. सीएमव्हीला नाही. उलट गॅनसायक्लोव्हिर या सगळ्यांवर चालतं. त्यामुळे वडिलांनी तीन महिने ती गोळी घेतली तोवर नागिणीपासूनही त्यांचं रक्षण होत होतं, आणि गोळी थांबल्यावर ते संरक्षणही गेलं.

रिजेक्शनच्या गोळ्या स्वतःहून कमी करू का? नाही. एसजीपीटी ११८ झालंय ते सीएमव्हीने यकृताला सूज आल्यामुळे असू शकतं; यकृत बसवलेल्या रुग्णात सीएमव्ही नव्या यकृतावरच बसायला बघतो. पण तोच आकडा रिजेक्शनमुळेही असू शकतो, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. यातली मेख अशी की दोघांचे उपचार विरुद्ध दिशांचे. रिजेक्शनला स्टेरॉइड वाढवायचं, सीएमव्हीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हलकी करायची. अंदाजाने केलं तर एकाला बरं करताना दुसऱ्याला खतपाणी. म्हणून सीएमव्हीचं औषध सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांत एसजीपीटी उतरलं नाही, किंवा बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) चढू लागलं, तर यकृताची बायोप्सी सांगतील. सूक्ष्मदर्शकाखाली सीएमव्ही झालेली पेशी फुगलेली दिसते, मधोमध गडद ठिपका आणि भोवती पांढरं कडं, पॅथॉलॉजिस्ट त्याला घुबडाचा डोळा म्हणतात. तो दिसला की वाद मिटतो. बायोप्सीला नाही म्हणू नका.

याच संदर्भात गुळवेल. 'पेशी कमी झाल्यात, प्रतिकारशक्ती वाढवायला काढा देतोय' असं सांगणारे नातेवाईक मला आठवड्याला भेटतात. गुळवेलीने यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईसह देशभरातल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. आणि प्रतिकारशक्ती चेतवणं हे यकृत बसवलेल्या माणसात आपल्याला नकोच आहे. प्रेमाने दिलेला काढाही नको.

आता काका. नागीण झालेल्या माणसापासून नागीण होत नाही. फोडांतल्या पाण्याचा संपर्क आला आणि समोरच्याला कांजिण्या कधी झालेल्याच नसतील, तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. आपल्याकडच्यासारख्या उष्ण प्रदेशांत मोठ्या वयापर्यंत कांजिण्या न झालेली माणसं बरीच असतात, त्यामुळे 'लहानपणी झाल्याच असतील' असं गृहीत धरू नका. वडिलांची व्हीझेडव्ही आयजीजी फाइलमध्ये आहे का ते बघा. काकांच्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्यांनी वेगळ्या घरात राहावं, फोड कपड्याने झाकावेत. त्यांना फक्त पट्ट्यापुरतीच नागीण असेल तर तेवढं पुरे. घरात कुणाला कांजिण्या झाल्या तर मात्र गोष्ट वेगळी, कारण त्या हवेतून पसरतात. वडिलांचा संपर्क आला असेल आणि त्यांच्यात अँटिबॉडी नसतील तर त्याच दिवशी टीमला फोन करा. इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडींचं) इंजेक्शन पहिल्या चार दिवसांत दिलं तर सगळ्यात चांगलं, फार तर दहा दिवसांपर्यंत. ते मिळालं नाही तर प्रतिबंधक असायक्लोव्हिर.

आणि वडिलांनाच नागीण झाली तर? सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला होता, यकृत बसवून वर्ष झालेलं. छातीच्या उजव्या बाजूला, पाठीपासून बरगडीखालून पुढे आलेला फोडांचा पट्टा, आणि त्यावर काव फासून वर कुंकवाच्या रेघा काढलेल्या. आईने जाणत्याकडे नेऊन नागीण उतरवून आणली होती, तोंड आणि शेपटी जुळू नये म्हणून. पाच दिवस त्यात गेले. मी कावेचा थर ओल्या कापसाने पुसत गेलो तेव्हा पट्ट्याबाहेर पोटावर, मानेवर, केसांच्या कडेला सुटे फोड दिसले. नागीण अंगभर पसरायला लागली होती. लगेच दाखल करून शिरेतून असायक्लोव्हिर सुरू केलं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन रोज बघत राहिलो. तो बरा झाला. आईला मी रागावलो नाही. दोन टोकं जुळली की माणूस जातो ही भीती तिच्या आजीपासून चालत आलेली आहे. मी तिला बोट ठेवून दाखवलं की पट्टा मणक्यावर आणि छातीच्या मधोमध थांबतो, कारण ती एका मज्जातंतूची हद्द आहे, आणि धोका आहे तो त्या हद्दीबाहेर दिसणाऱ्या फोडांचा. तिने ते बरोबर टिपलं. पुढच्या वेळी गल्लीतल्या दुसऱ्याच एका रुग्णाला घेऊन तीच आली.

तेव्हा वडिलांना अंगाच्या एकाच बाजूला जळजळ, विजेसारखी कळ सुरू झाली तर कपडे काढून रोज बघा. पुरळ दोन-तीन दिवसांनी उठतं. क्वचित पुरळाआधी पोटातच भयंकर दुखतं आणि ॲपेंडिक्सपासून सगळं शोधून होतं. साध्या नागिणीला व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा सात दिवस, मूत्रपिंडाप्रमाणे कमी-जास्त करून. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत सुरू केलं तर उत्तम. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला उशीर झाला तरी देतातच. कपाळ, पापणी किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

वहिनीबद्दल. सीएमव्ही लाळ आणि लघवीतून जातो, म्हणून तिने उष्टं खाऊ नये, वडिलांचे कपडे-भांडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. तिला हा विषाणू बहुधा होऊन गेलेलाच असेल, तरी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. खरी काळजी गोळीची. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर गर्भाला घातक ठरू शकतं. ही गोळी कधीही तोडायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. अख्ख्या गोळीला हात लागला म्हणून काही होत नाही, पण गोळ्यांची डबी वहिनीने भरू नये, ते काम भावाने करावं. फुटलेली गोळी हातमोज्याने उचलून टाका.

या कुळातल्या बाकीच्या विषाणूंविषयी थोडक्यात. एचएसव्ही पहिल्या महिन्यात तोंडात-घशात जखमा करतो. क्वचित तो यकृतावर जातो, तेव्हा एसजीपीटी हजारांत जातं आणि अंगावर एकही फोड नसू शकतो. अशा वेळी रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर सुरू करावं लागतं. एचएचव्ही-६ आणि ७ बहुतेक वेळा गुपचूप येऊन जातात, एचएचव्ही-८ आपल्याकडे विरळा. ईबीव्ही मात्र लहान मुलांत फार महत्त्वाचा. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांना आई-वडिलांचं यकृत बसवतात. बाळाने ईबीव्ही पाहिलेला नसतो, देणाऱ्यात असतो. पुढे मानेत-काखेत गाठी, ताप, वजन घटणं दिसलं तर लिम्फोमासारखा आजार, पीटीएलडी, शोधावा लागतो, आणि त्यात पहिला उपचार म्हणजे टीमने रिजेक्शनची औषधं कमी करणं.

यकृत जाईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. वेळेत ओळखलेला सीएमव्ही बहुतेक रुग्णांत बरा होतो आणि यकृत टिकतं. उपचार न झालेल्या सीएमव्हीने रिजेक्शन, बुरशीचे आणि जिवाणूंचे संसर्ग यांची जोखीम वाढते, म्हणून इतकी घाई. औषध संपल्यावर काही टीम आणखी एक ते तीन महिने रोज एकदा गोळी चालू ठेवतात. संपल्यावर पुन्हा होऊ शकतो, तेव्हा कॅलेंडरवरचे लाल गोल पुसू नका.

लशींबद्दल एवढंच: वडिलांना कांजिण्यांची जिवंत लस आता देत नाहीत. नागिणीची शिंग्रिक्स लस जिवंत नाही, ती भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोस असतात. प्रकृती स्थिर झाल्यावर टीमला तिच्याबद्दल विचारा. घरातल्या लहान मुलांना कांजिण्यांची लस बिनदिक्कत द्या, ती दिल्याने वडिलांना फायदाच आहे. लशीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ उठलंच तर ते सुकेपर्यंत आजोबांच्या अंथरुणात झोपवू नका. आपल्याकडे कांजिण्यांची लाट जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणून मुलांची लस दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्या.